बॅरिएट्रिक ऑपरेशननंतर पायाला मुंग्या आणि तोल जाणं : बी१२ नॉर्मल आहे, मग काय?

मृण्मयी_नाशिक

नमस्कार. वहिनीबद्दल लिहितेय, तिला विचारूनच. वय ४३. दीड वर्षापूर्वी मिनी गॅस्ट्रिक बायपास (जठर लहान करून पुढच्या आतड्याला जोडतात ते वजन कमी करायचं, म्हणजे बॅरिएट्रिक ऑपरेशन) झालं. तेव्हा वजन ११२ किलो होतं, आता सत्तरच्या आसपास आहे. डायबिटीसच्या गोळ्या सुटल्या, गुडघे दुखायचे थांबले. घरात सगळे शाकाहारी, अंडंही नाही.

गेल्या काही महिन्यांपासून आधी तळपायाला मुंग्या यायला लागल्या, मग त्या घोट्याच्या वर चढल्या आणि आता हाताच्या बोटांनाही येतात. चालताना पायातली चप्पल निसटते आणि तिला पत्ताच लागत नाही. तशीच पुढे जाते, मागून कोणीतरी हाक मारून सांगतं. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की पुढे झोकांडी जाते, म्हणून एका हाताने बेसिन धरूनच तोंड धुते. अंधारात जिना उतरायची तर तिला धास्तीच बसली आहे.

फॅमिली डॉक्टर म्हणाले अशक्तपणा आहे, ताकदीची इंजेक्शनं दिली. दुसऱ्यांनी सांगितलं, जुन्या शुगरमुळे नसा खराब झाल्यात, त्याला काही इलाज नाही. रक्त तपासलं तर बी१२ ७८० आलं, म्हणजे भरपूर. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ५.६. हिमोग्लोबिन ९.२, पांढऱ्या पेशी २९००.

असा अनुभव कोणाला आहे का? नाशिक-पुण्यात नेमकं कोणाला दाखवावं, सर्जनला की मेंदूविकारतज्ज्ञाला?

घाटावरचा

ताई, माझं बायपास चार वर्षांपूर्वी झालंय. मलाही मुंग्या आल्या होत्या, तेव्हा बी१२ १४० निघालं. आता दर महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन घेतो आणि बरा आहे. एक विचारतो, ती ताकदीची इंजेक्शनं रक्त तपासायच्या आधी दिली की नंतर? आधी दिली असतील तर तो ७८० आकडा इंजेक्शनचा आहे, तुमच्या वहिनींचा नाही.

मृण्मयी_नाशिक

आधी. दिवसाआड पाच दिली, त्यानंतर आठवड्याभराने रक्त दिलं.

चाफेकळी

माझ्या सासूबाईंना अशाच मुंग्या यायच्या. मणक्याचा त्रास निघाला. एमआरआय करून घ्या.

न्यूरो_सोलापूर

मृण्मयीताई, प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, हे आधी सांगून ठेवतो. पण तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टींनी मला लगेच लिहायला बसवलं.

पहिली, डोळे मिटले की तोल जाणं. पाय जमिनीवर कुठे, कसा टेकला आहे ही खबर मज्जारज्जूच्या मागच्या भागातून मेंदूकडे जाते. ती वाट बिघडली की माणूस डोळ्यांच्या भरवशावर चालतो. म्हणून अंधारात, किंवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. चप्पल निसटलेली न कळणं त्याच जातीचं. हा नुसत्या पायातल्या नसांचा आजार वाटत नाही, मज्जारज्जूपर्यंत पोचलेला वाटतो. निव्वळ डायबिटीसवर बोट ठेवून हे प्रकरण मिटवू नये.

दुसरी गोष्ट, पांढऱ्या पेशी २९००. त्याबद्दल तुम्हाला कोणी काही बोललं का?

बी१२ कमी पडलं की हे असंच चित्र दिसतं, आणि घाटावरचा यांचा मुद्दा बरोबर आहे. इंजेक्शननंतरच्या पातळीवरून काही ठरवता येत नाही. मिथाइलमॅलोनिक अॅसिड आणि होमोसिस्टीन (बी१२ कमी पडलं की रक्तात वाढणारे दोन पदार्थ) तपासल्यास थोडं कळेल, पण तेही इंजेक्शननंतर खाली येतात. मात्र बी१२ सारखंच, अगदी एमआरआयवरही तसंच दिसणारं दुसरं एक कारण आहे : तांबं कमी पडणं. तांबं मुख्यतः जठर आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून शोषलं जातं, आणि बायपासमध्ये अन्न नेमका तोच रस्ता टाळून पुढे जातं. हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी दोन्ही खाली, सोबत तोल जाणं, अशी जोडी दिसली की मी कॉपर तपासल्याशिवाय राहत नाही.

म्हणून नेमका प्रश्न : वहिनी केसांसाठी झिंक घेतात का?

मृण्मयी_नाशिक

डॉक्टर, हो! ऑपरेशननंतर चौथ्या महिन्यात केस मुठीमुठीने गळायला लागले, तेव्हापासून रोज झिंकची गोळी घेते. पाकीट आत्ता हातात आहे, झिंक सल्फेट २२० मिग्रॅ लिहिलंय. मेडिकलवाल्याने दिली होती, नंतर तीच चालू राहिली. पांढऱ्या पेशींबद्दल कोणीच काही बोललं नाही.

न्यूरो_सोलापूर

२२० मिग्रॅ झिंक सल्फेट म्हणजे साधारण ५० मिग्रॅ झिंक. झिंक वाढलं की आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन जास्त बनवतात. हे प्रथिन झिंकपेक्षा तांब्याला घट्ट धरून ठेवतं, आणि त्या पेशी झडल्या की तांबंही त्यांच्याबरोबर शौचावाटे निघून जातं. म्हणजे बायपासमुळे आधीच कमी शोषलं जाणारं तांबं झिंकने आणखी अडवलं. बॅरिएट्रिकच्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हणूनच ८ ते १५ मिग्रॅ झिंकमागे १ मिग्रॅ तांबं असं प्रमाण सांगितलेलं आहे.

ऑपरेशननंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात ते बहुतेकदा झपाट्याने वजन उतरल्यामुळे, आणि आपोआप परतही येतात. त्यासाठी वर्षभर झिंक घ्यायची गरज नसते.

आता करायचं ते : सर्जनशी बोलून सुटं झिंक थांबवा. सीरम कॉपर, सेरुलोप्लाझमिन (रक्तात तांबं वाहून नेणारं प्रथिन), सीरम झिंक, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) परत, फेरिटिन (लोहाचा साठा), फोलेट, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम आणि जमलं तर व्हिटॅमिन ई. आणि याच आठवड्यात मेंदूविकारतज्ज्ञ. 'सर्जनला की न्यूरोला' असं विचारलंत, तर दोघांनाही, आणि दोघांनी एकमेकांशी बोललं पाहिजे. पुढच्या महिन्यावर ढकलू नका. मज्जारज्जूचं जे नुकसान होऊन जातं ते पूर्ण भरून येईलच याची खात्री नसते.

निळी_नळी

मी लॅबमध्ये काम करते. कॉपर-झिंकसाठी रक्त द्यायला जाताना आधी फोन करा. या तपासणीला ट्रेस एलिमेंटची वेगळी नळी लागते, गडद निळ्या बुचाची. साध्या नळीत घेतलं तर काचेतून, रबरातून झिंक मिसळून आकडा चुकू शकतो. छोट्या सेंटरला ती नळी नसते. 'होईल हो याच नळीत' असं कोणी म्हणालं तर दुसरीकडे जा.

आजोळ

तांबं कमी असेल तर रात्री तांब्याच्या पिंपात ठेवलेलं पाणी सकाळी प्यायचं. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या पितात.

न्यूरो_सोलापूर

आजोळ, पाणी जरूर प्यावं. पण इथे त्याने भागणार नाही. पिंपातून पाण्यात किती उतरलं याचा हिशेब नाही, आणि मूळ अडचण शोषण्याची आहे. औषध म्हणून तोंडाने रोज २ ते ८ मिग्रॅ तांबं मोजून द्यावं लागतं, फारच कमी असेल तर शिरेतून. ताक, लिंबूपाणी तांब्याच्या भांड्यात कोणीही ठेवू नये, ते वेगळंच दुखणं होतं.

रेवा_चिंचवड

धागा वाचून घाबरून लिहितेय. माझ्या मिस्टरांचं स्लीव्ह (वजनासाठी जठराचा मोठा भाग काढतात ते ऑपरेशन) होऊन सहा आठवडे झालेत. पंधरा-वीस दिवसांपासून काही टिकत नाही, पाणीसुद्धा उलटून पडतं. हॉस्पिटलला फोन केला तर म्हणाले सुरुवातीला होतं असं, हळूहळू घोट घोट घ्या. जवळच्या दवाखान्यात दोनदा ग्लुकोजचं सलाईन लावलं. कालपासून पायाला मुंग्या आहेत, उभं राहिलं की पाय लटपटतात, आणि आज सकाळी म्हणाले की टीव्हीवरची अक्षरं दोन-दोन दिसतात. आम्ही चेकअप सोमवारी ठेवलंय.

न्यूरो_सोलापूर

रेवाताई, सोमवार नको. आत्ता निघा. जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा आणि तिथल्या डॉक्टरांना एवढंच सांगा : 'सहा आठवड्यांपूर्वी स्लीव्ह झालंय, तीन आठवडे उलट्या आहेत, आता दोन-दोन दिसतंय आणि चालता येत नाही. थायमिन शिरेतून द्या, ग्लुकोजच्या आधी.' हे कागदावर लिहून न्या.

आहारवही

रेवा, डॉक्टर सांगतात तसंच करा. मी बॅरिएट्रिक टीममध्ये आहारतज्ज्ञ आहे. जेवणाचा, पथ्याचा विचार आत्ता करू नका. गाडी काढा. ऑपरेशनची फाइल बरोबर घ्या.

घाटावरचा

पोचल्यावर एक ओळ टाका ताई.

न्यूरो_सोलापूर

रेवाताई गेल्या असतील, बाकीच्यांसाठी लिहून ठेवतो. बी१२ चा साठा यकृतात वर्षानुवर्षं पुरतो. थायमिनचं, म्हणजे बी१ चं तसं नाही. शरीरात ते जेमतेम २५-३० मिग्रॅ असतं आणि दोन-तीन आठवड्यांत संपतं. त्यामुळे ऑपरेशननंतर पहिल्या एक ते तीन महिन्यांत, त्यातही उलट्या होणाऱ्या माणसाला, मुंग्या किंवा पायात अशक्तपणा आला तर पहिला संशय थायमिनवर घ्यावा. बी१२ इतक्या लवकर सहसा संपत नाही, साठा आधीच तळाला असेल तर गोष्ट वेगळी.

नजर दुहेरी होणं किंवा बुबुळं थरथरणं, तोल जाणं आणि गोंधळल्यासारखं बोलणं, याला वेर्निके म्हणतात. तिन्ही एकदम दिसतीलच असं नाही, बहुतेक रुग्णांत दिसत नाहीत. एकही दिसलं तरी थायमिन सुरू करायचं, रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नाही. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. ग्लुकोज वापरायला शरीराला थायमिन लागतं, म्हणून आधीच रिकाम्या माणसाला नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही खर्ची पडतं. आपल्याकडे उलट्या म्हटलं की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लागते, म्हणून हे मी प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना सांगतो.

हाच तो जुना बेरीबेरी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन यांनी पाहिलं की पॉलिश केलेल्या भातावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की सावरतात. त्या कामाला १९२९ चं नोबेल मिळालं. त्या कोंबड्यांचं पोट भरलेलं असायचं, हे लक्षात घ्या. लठ्ठ माणसाला कुपोषण कसं होईल, असं नातेवाईक विचारतात. होतं.

पुण्याची_अनघा

साठा तळाला असण्यावरून. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं बी१२ तपासलं होतं. त्यात ६७ टक्क्यांचं कमी निघालं. हे कुठलंही ऑपरेशन न झालेले लोक! शाकाहारी घरांत तर हे ठरलेलंच. वर डायबिटीससाठी मेटफॉर्मिन, अॅसिडिटीसाठी रोजची गोळी, दोन्हींनी बी१२ आणखी घसरतं. मग अशा माणसाचं जठर कापल्यावर 'साठा वर्षानुवर्षं पुरतो' हे पुस्तकातलं गणित त्याला कसं लागू होईल? माझ्या मते ऑपरेशनआधीच बी१२, डी, फेरिटिन तपासून भरून घेतलं पाहिजे, आणि ते न करणाऱ्या सर्जनकडे जाऊच नये.

आहारवही

अनघा, पूर्ण अनुमोदन.

शोषणाबद्दल थोडं. अन्नातलं बी१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं, ते जठरातल्या आम्लाने आणि पेप्सिनने सुटं होतं. मग जठराच्याच अस्तरातून येणारा इन्ट्रिन्सिक फॅक्टर त्याला घेऊन लहान आतड्याच्या शेवटापर्यंत जातो, आणि तिथे ते शोषलं जातं. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. बायपासमध्ये अन्नाची त्याच्याशी गाठच पडत नाही. म्हणून 'मी दूध-पनीर भरपूर घेते' हे पुरत नाही. मोठ्या डोसच्या गोळीतलं एखादा टक्का बी१२ या यंत्रणेशिवायही आत शिरतं, त्यामुळे रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅमची गोळी चालते. ती विसरणाऱ्यांना महिन्याचं इंजेक्शन बरं. आणि दोन्ही जन्मभर. वजन स्थिर झालं, दोन वर्षं झाली, आता बंद केलं तर काय होतं, असं मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. यकृतातला साठा संपेपर्यंत काहीच होत नाही, म्हणून लोकांना वाटतं की गरजच नव्हती. आणि मग मुंग्या सुरू होतात.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा २००४ चा अभ्यास मी नवीन रुग्णांना सांगते. वजनाचं ऑपरेशन झालेल्या ४३५ जणांपैकी ७१ जणांना, म्हणजे १६ टक्के लोकांना, नसांचा त्रास झाला. तुलनेसाठी पित्ताशय काढलेले लठ्ठ रुग्ण घेतले होते, त्यांच्यात ३ टक्के. ज्यांचं वजन फार वेगाने उतरलं, ज्यांच्या उलट्या-जुलाब लांबले आणि जे आहाराच्या तपासणीला फिरकले नाहीत, त्यांना हा त्रास जास्त झाला. शेवटची गोष्ट पूर्णपणे आपल्या हातातली आहे. तिसरा, सहावा, बारावा महिना आणि मग दर वर्षी, एवढ्या फेऱ्या.

विदर्भकन्या

माझी गोष्ट वेगळी आहे. स्लीव्हनंतर आठ महिन्यांत ३८ किलो उतरले. एक दिवस देवळात कीर्तनाला बराच वेळ मांडी घालून बसले, उठले तर डावा चवडा उचलेना. पाऊल फरफटायचं, पोटरीच्या बाहेरच्या बाजूला आणि पावलाच्या वरच्या भागात मुंग्या. उजवा पाय, हात सगळं ठीक. मलाही सगळे बी१२ बी१२ म्हणत होते. एनसीव्ही (नसांतून संदेश किती वेगाने जातो ती तपासणी) केल्यावर कळलं, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जी नस हाडाला लागून जाते ती दबली होती. डॉक्टर म्हणाले, तिथली चरबी गेली की नसेची गादीच जाते. मांडी घालणं, उकिडवं बसणं, पायावर पाय टाकणं सगळं बंद केलं, पट्टा आणि व्यायाम. आता चवडा उचलतो, फक्त थकले की थोडा जड वाटतो.

न्यूरो_सोलापूर

विदर्भकन्या, फार उपयोगी लिहिलंत. एकाच पायाला, एकाच पट्ट्यात मुंग्या असतील तर दबलेली नस आधी शोधावी. मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढ्या भागात आग किंवा बधिरपणा, हाही वजन झपाट्याने उतरल्यावर दिसतो. दोन्ही पायांना सारख्या, खालून वर चढणाऱ्या मुंग्या असतील तर कमतरता. ओठांभोवती मुंग्या आणि हाताची बोटं आखडणं, हे कॅल्शियम उतरल्याचं लक्षण.

तरीही ऑपरेशन झालेल्यांनी कमतरतेच्या तपासण्या कराव्यातच. कुपोषित नस थोड्या दाबानेही रुसते.

कॅल्गरीकर

इथे आमच्या क्लिनिकमध्ये मला बी कॉम्प्लेक्सच्या तीन वेगवेगळ्या गोळ्या एकदम घेतो म्हणून थांबवलं. बी६ जास्त होतंय म्हणाले. जास्त झाल्याने नुकसान होतं का खरंच?

न्यूरो_सोलापूर

होतं. बी६, म्हणजे पायरिडॉक्सिन, दीर्घकाळ मोठ्या डोसमध्ये घेतलं तर ते स्वतःच संवेदनेच्या नसा बिघडवतं, आणि लक्षण पुन्हा तेच : मुंग्या, तोल. 'नसांची गोळी' म्हणून जे मिळतं त्यात बी६ असतंच, मल्टिव्हिटॅमिनमध्ये असतं, बी कॉम्प्लेक्समध्ये असतं. सगळ्या पाकिटांच्या मागचे आकडे बेरीज करून बघा. तसंच बी१२ न तपासता नुसतं फोलिक अॅसिड घेऊ नका. रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

रेवा_चिंचवड

उशीर झाला लिहायला. त्या रात्रीच अॅडमिट केलं. तुमचा निरोप कागदावर दाखवला. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी कागद वाचला आणि लगेच थायमिन सुरू केलं, दिवसातून तीन वेळा शिरेतून. मॅग्नेशियमही कमी निघालं. दुहेरी दिसणं दुसऱ्या दिवशी पुष्कळ कमी झालं. स्लीव्ह मध्येच अरुंद झालं होतं म्हणून उलट्या, ते दुर्बिणीतून फुग्याने रुंद केलं. आता पातळ टिकतंय. पाय अजून लटपटतात, वॉकर घेऊन चालतात. फिजिओथेरपी चालू आहे. सगळ्यांचे मनापासून आभार.

चाफेकळी

वाचून जीव भांड्यात पडला. काळजी घ्या दोघंही.

मृण्मयी_नाशिक

रेवा, खूप बरं वाटलं वाचून.

आमचेही रिपोर्ट आले. सीरम कॉपर १८ आलं, लॅबची खालची मर्यादा ८० आहे. सेरुलोप्लाझमिनही खूप कमी. झिंक जास्त. एमआरआयमध्ये मानेच्या भागात मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला पांढरी रेघ दिसली. पुण्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा काटा) घोट्यावर लावला, वहिनीला काही जाणवलंच नाही. गुडघ्यावर किंचित, मनगटावर नीट. झिंक पूर्ण बंद, सुरुवातीला तांबं शिरेतून दिलं, आता गोळ्या. बी१२ ची इंजेक्शनं चालूच ठेवायला सांगितली आहेत.

पांढऱ्या पेशी ४८०० वर आल्या, हिमोग्लोबिन वाढतंय. मुंग्या मात्र तशाच आहेत, फक्त वर चढायच्या थांबल्या. वहिनी विचारते की रक्त इतक्या लवकर सुधारलं तर पाय का नाही? आणि ती स्कूटर कधी चालवू शकेल? तिचा डबे पोचवण्याचा व्यवसाय आहे, घरात बसून तिची फार घालमेल होते.

न्यूरो_सोलापूर

रक्ताच्या पेशी काही आठवड्यांत नव्या तयार होतात, म्हणून सीबीसी आधी सुधारतो. नसांना वेळ लागतो. पायातली नस पुन्हा वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर, आणि मज्जारज्जूत तेवढंही सांगता येत नाही. वर चढायच्या थांबल्या ही मोठी गोष्ट आहे. आधी वाढ थांबते, मग महिनोन्महिने हळूहळू सुधारणा होते. काही बधिरपणा राहूनही जाऊ शकतो, हे वहिनींना आत्ताच सांगितलेलं बरं.

स्कूटर : पाय जोडून, डोळे मिटून अर्धा मिनिट न डगमगता उभं राहता आलं पाहिजे, आणि पाय जमिनीवर टेकला हे न बघता कळलं पाहिजे. ते तुमच्या डॉक्टरांनी तपासून सांगेपर्यंत दुचाकी नको. तोवर डबे पोचवायला माणूस ठेवावा लागला तरी ठेवा. मागे पट्टा असलेल्या चपला घ्या. जिन्यात आणि बाथरूममध्ये रात्रभर दिवा चालू राहू द्या, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवा. पाय रोज संध्याकाळी बघायचे, कापलं-भाजलं तरी कळणार नाही.

आहारवही

गोळ्यांच्या वेळाही सांगते. तांब्याची गोळी आणि झिंक असलेलं मल्टिव्हिटॅमिन एकदम नको. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर. कॅल्शियम सायट्रेट घ्या, कार्बोनेटला आम्ल लागतं आणि ते आता पोटात कमी आहे. प्रथिनं रोज किमान ६० ग्रॅम. शाकाहारी घरात ती सोयाबीन, पनीर, मूग आणि व्हे (दुधातल्या प्रथिनांची पावडर) मिळूनच होतात, नुसत्या वरणाने होत नाहीत. वहिनींचा दिवसभराचा आहार इथे लिहिलात तर आकडे जुळवून देते.

मृण्मयी_नाशिक

उद्याच लिहिते. कॉपर परत सहा आठवड्यांनी करायचंय, निळ्या बुचाची नळी लक्षात ठेवलीय. आकडे आले की इथेच टाकते.